मोटार निंबाखाली उभी आहे

मुक्काम वलगाव, जिल्हा अमरावती
मार्गशीर्ष वद्य पंचमी

राजश्री उत्तमरावभाऊ, मुक्काम अकोला, यांना वलगावच्या शेषरावाचा दोन्ही हात जोडून रामराम.

इकडे सर्व खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तिकडची खुशाली विचारायची पद्धत आहे, ती मात्र मनापासून विचारतो. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनीसाहेबांचा खोकला थांबला काय? म्हैस व्याली काय? आणि (ओघात आलं म्हणून विचारतो, दुसरं काही नाही) तुमची बहीण, म्हणजे आमच्या घरची मंडळी, बरी आहे ना? पोटभर जेवते ना? माझ्याबद्दल काही बोलते काय? बोलत असेल तर काय बोलते ते लिहू नका, बोलते की नाही एवढंच कळवा.

हे पत्र मी शुद्ध भाषेत लिहितो आहे, कारण तुम्ही अकोल्यासारख्या शहरात राहणारे, वकिलांत आणि कापसाच्या व्यापाऱ्यांत तुमची ऊठबस. शाळेत मास्तरांनी छडीनं जेवढं व्याकरण अंगात घातलं तेवढं अजून शिल्लक आहे. मध्येच कुठे 'मले-तुले' आलं, तर तिथं माझा तोल गेला असं समजावं.

आमच्या भांडणाची हकीकत तुम्हाला ठाऊक आहे, पण ती फिर्यादीच्या तोंडून. आता जरा आरोपीचंही ऐकून घ्या. गेल्या वैशाखात चांदूर रेल्वेला लग्न होतं, तिथं आपले खुशालराव, म्हणजे तुमच्या घरचे धाकटे जावई आणि माझे साडू, नवी कोरी मोटार घेऊन आले. मोटार त्यांनी अशी उभी केली, की हात धुवायला जाणाऱ्या माणसाला तिला वळसा घातल्याशिवाय जाताच येऊ नये. नवरदेव घोड्यावर एकटा बसून राहिला आणि अख्खं वऱ्हाड मोटारीभोवती. बरं, खुशालराव तोंडानं एक शब्द बोलत नव्हते. खिशातून रुमाल काढायचे, दिवा पुसायचे, रुमाल खिशात ठेवायचे, आणि थोड्या वेळानं पुन्हा काढायचे. माणसानं बढाई मारली तर त्याला उत्तर देता येतं. नुसता दिवा पुसत राहिला तर त्याचं काय करावं, सांगा! पंगतीत माझ्या पानावर तिसऱ्यांदा बुंदी पडली तेव्हा कोणीतरी विचारलं, "शेषराव, तुमची मोटार कधी?" आणि माझ्या तोंडून (बुंदी तोंडात असताना माणसानं बोलूच नये) निघून गेलं, "दसऱ्याले दारात पाहाजा." पंगतीत एवढी शांतता झाली, की बायकांच्या पंगतीतल्या बांगड्या वाजलेल्या मला ऐकू आल्या. त्या कोणाच्या होत्या, ते मला न बघताही कळलं.

परत येताना बैलांच्या दमणीत तिनं विचारलं, "खरंच घेता?" मी म्हणालो, मग काय थट्टा करून राहिलो? तेव्हा ती हसली. भाऊसाहेब, तुमच्या बहिणीचं ते हसू तुम्ही लहानपणी पाहिलंच असेल, पण आमच्या घरी ते फार जपून खर्च होतं. ते पाहून मी त्या क्षणी मोटारच काय, विमानसुद्धा कबूल करून बसलो असतो. बैलांना मी उगाच दोनदा चाबूक दाखवला आणि घरापर्यंत गुणगुणत आलो.

आता मोटार घ्यायची म्हणजे आधी चौकशी नको का? आपण गोऱ्हा घ्यायचा तरी त्याच्या आईचा स्वभाव विचारतो. म्हणून मी अमरावतीला राजापेठेतल्या केशवराव वकिलांकडे गेलो. त्यांच्याकडे मोटार आहे. त्यांनी मला चहा दिला आणि सांगितलं, की शेषराव, काही करा पण मोटार घेऊ नका. पेट्रोल पिते, टायर खाते, आणि सकाळी चार माणसांनी ढकलल्याशिवाय उठत नाही. मी अगदी गंभीर झालो. दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा हळूच म्हणाले, की अगदीच घ्यायची असेल, तर माझी देऊन टाकतो. मग मी दुसऱ्या एकाला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. एकूण अनुभव असा, की ज्याच्याकडे मोटार आहे तो म्हणतो घेऊ नका आणि ज्याच्याकडे नाही तो म्हणतो बिनधास्त घ्या. मुंबईहून एका कंपनीचं चित्रांचं पुस्तक मागवलं. ते इंग्रजीत होतं, पण चित्रं मराठीतही कळत होती. मी ते उशाशी घेऊन झोपायचो. दुर्गाबाई (पत्रात नाव लिहिल्याबद्दल माफी असावी, तोंडानं मी कधी घेत नाही) रोज विचारायची, कुठवर आलं? मी म्हणायचो, विचार करून राहिलो. पावसाळ्यात म्हणालो, आता काळ्या मातीत मोटार रुतेल. पोळ्याला म्हणालो, बैलांच्या सणात मोटार आणली तर बैलांना काय वाटेल? मग पितृपक्ष लागला, त्यात तर कोणी सुईसुद्धा घेत नाही. तो पंधरवडा मला इतका सोयीचा गेला, की पितरांवर माझी श्रद्धा एकदम वाढली.

आणि मग दसरा आला. सकाळी अंघोळ करून, फेटा बांधून, पैसे कमरेला लावून मी अमरावतीला मोटारीच्या एजन्सीत गेलो. तिथले एजंट सोहोनी म्हणून पुण्याचे गृहस्थ. त्यांनी कागद पुढे सरकवला, कलम हातात दिलं. माझा हात कागदापर्यंत नीट गेला. आणि तिथं थांबला. काहून थांबला म्हणाल, तर मला अजून माहीत नाही. एवढी मोठी वस्तू आपण एका सहीनं घेतो, ना कोणी दलाल मध्ये, ना घासाघीस, ना चार माणसं भोवती. मला ते चोरी केल्यासारखं वाटलं. मी म्हणालो, जरा विचार करतो. सोहोनींनी (माणूस सभ्य) मला कंपनीचं नवीन पुस्तक दिलं.

घरी येऊन पाहतो तर फाटकासमोर सडा, आणि त्यावर दुर्गाबाईनं दोन लांब रांगोळ्या काढलेल्या, रस्त्यापासून थेट अंगणापर्यंत, एकीला एक समांतर. मोटारीच्या चाकांसाठी. (दोन चाकांत अंतर किती असतं ते तिनं आपल्या बहिणीला पत्र घालून विचारून घेतलं होतं, हे मला मागाहून कळलं.) झेंडूच्या माळा फाटकावर, गल्लीतल्या साऱ्या बायका ओट्यावर, आणि ती मध्ये नवं लुगडं नेसून, हातात तामण आणि पाण्याचा गडवा घेऊन उभी. तुम्हाला आपली चाल ठाऊक आहे: नवीन जनावर घरी आलं, की घरच्या लक्ष्मीनं त्याच्या पायावर पाणी घातल्याशिवाय, कपाळाला कुंकू लावल्याशिवाय ते आत येत नाही, त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. तर ती अशी उभी, आणि त्या दोन रांगोळ्यांच्या बरोबर मधून मी पायी चालत आलो, हातात पुस्तक. ती रागावली असती तर फार बरं झालं असतं. तिनं पुस्तकाकडे पाहिलं, गडव्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि आत गेली. स्वयंपाक तिनं नेहमीसारखा केला, वाढलाही नेहमीसारखाच. मी त्या दिवशी पुरणपोळी कशी गिळली ते माझं मला माहीत.

पुढे दिवाळी झाली आणि भाऊबीजेला ती तुमच्याकडे निघाली. बडनेरा स्टेशनवर गाडी हलायच्या आधी खिडकीतून मला म्हणाली, "आता मी मोटारीतच वापस येईन. घ्यायची नसंल तर चारचौघांत तसं सांगा, मी आगगाडीनं येते, मले काई राग नाई. पन 'विचार करून राहिलो' हे आता आयकनार नाई." बघा, दोन रस्ते तिनं मोकळे ठेवले होते. मोटार घ्या, नाहीतर घेत नाही म्हणा. मी म्हणालो, बरं, विचार करतो. गाडी सुटली तेव्हा मला कळलं मी काय बोललो ते.

तेव्हापासून घराची काय अवस्था आहे ती न लिहिलेली बरी, तरी लिहितो. वेचणी चालू आहे, वेचणाऱ्या बाया रोज सकाळी विचारतात, बाईसाहेब कधी येतात? बाईसाहेबांच्या हाताला माप बरोबर असतं, माझ्याशी त्या हुज्जत घालतात. पार्बताआत्या (माझी विधवा आत्या, मी लहान असल्यापासून आमच्याच घरी आहे) भाकरी करते, पण तिला दिसत कमी, त्यामुळे भाकरी एका बाजूनं भाकरी असते आणि दुसऱ्या बाजूनं कोळसा. मांजरसुद्धा माझ्या पानाजवळ येईनासं झालं. तुळशीला पाणी मी घालतो, पण मी घातलं की ती सुकल्यासारखी दिसते. शेवटी एक दिवस उठलो, फेटा बांधला आणि ठरवलं, आता विचार बंद.

पण दसऱ्याला झालेली चूक पुन्हा व्हायला नको म्हणून यावेळी मी एकटा गेलो नाही. किसनरावांना बरोबर घेतलं. बैलबाजारातले दलाल किसनराव, ज्यांनी माझ्या वडिलांपासून आमच्या गोठ्यातला एकेक बैल ठरवून दिला. त्यांनी कधी मोटारीला हात लावला नव्हता, पण त्यांचं म्हणणं असं, की चार पायांचं काहीही असो, पारख तीच. त्यांनी एजन्सीत पाऊल टाकलं, मोटारीकडे पाहिलं, मग तिच्या मागे पाहिलं, बाजूला पाहिलं, आणि सोहोनींना विचारलं, "आन् हिची जोडीची कोठी हाये?" सोहोनी म्हणाले, मोटार एकच मिळते. किसनरावांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू एकट्या बैलावर औत चालवणारा वेडा त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. मग त्यांनी तिच्या डोळ्यांच्या काचा अंगठ्यानं पुसून आत फूल पडलंय काय ते पाहिलं, पोटाखाली वाकून पाहिलं, आणि एकदम तिच्या पाठीमागे जाऊन जोरात टाळी वाजवली. सोहोनी दचकले, त्यांचा कारकून दचकला, मी दचकलो. मोटार दचकली नाही. "बुजत नाई," किसनराव म्हणाले, आणि त्यांना ती पसंत पडायला तिथून सुरुवात झाली.

मग चाल पाहायची होती. सोहोनी आम्हाला कॅम्पाच्या रस्त्यावर फिरवून आणायला तयार झाले, पण किसनराव आत बसेनात. जनावरावर बसून कधी जनावराची चाल कळते का? बाहेरून पाहावी लागते. तेव्हा मोटार चालली, आत मी आणि सोहोनी, आणि बाजूनं धोतराचा सोगा हातात धरून, तिच्या चाकांवर नजर ठेवून किसनराव धावताहेत. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. कोणाला वाटलं आम्ही त्यांना लुटून पळतो आहोत. एका शिपायानं शिटीही वाजवली. सोहोनी सारखं म्हणत होते, "अहो, त्यांना आत घ्या हो, माझी लाज जाते आहे!" आणि मी माझी कधीच गेली म्हणून शांत बसलो होतो.

खरी मजा पुढे. भाव. सोहोनींनी छापील कागद दाखवला आणि म्हणाले, आमच्याकडे किंमत एकच असते. किसनरावांचा चेहरा उतरला. "एकच भाव?" ते म्हणाले, "मंग देवानं दलाल काहून पैदा केले?" आणि त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, सोहोनींचा हात धरला, वर उपरणं टाकलं आणि आत बोटं दाबायला सुरुवात केली. तुम्हाला ठाऊक आहे, बैलाचा सौदा असाच होतो, भाव बोटांनी सांगायचा, तोंडानं चकार शब्द नाही. सोहोनींना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी "अहो, हे काय! सोडा, सोडा माझा हात!" असा काही आरडाओरडा केला, की कारकून रूळ घेऊन धावत आला. किसनरावही भडकले. भाव तोंडानं बोलायचा? साऱ्या बाजारासमोर? (बाजार म्हणजे तो कारकून आणि भिंतीवरची एक पाल.) मी दोघांच्या मध्ये पडलो. सोहोनींना चाल समजावून सांगितली, किसनरावांना सांगितलं की पुण्याकडे ही चाल नसते, तिकडचे लोक सरळ तोंडावर बोलतात. शेवटी सोहोनींनी सुस्कारा टाकून आपला हात उपरण्याखाली आपण होऊन दिला. दोघं समोरासमोर बसले. किसनराव बोटं दाबायचे, भुवया वर करायचे, मान हलवायचे. सोहोनी छताकडे बघत दरवेळी तोच छापील भाव दाबायचे. पुष्कळ वेळानं किसनराव घाम पुसत माझ्याकडे आले आणि कानात म्हणाले, "मानूस पक्का हाये, शेषराव. एक बोट हालू देत नाई. असा गडी आपल्या बजारात नाई." त्यांच्या डोळ्यांत आदर होता.

किंमत काही उतरली नाही, पण रिकाम्या हातानं उठणं किसनरावांच्या धर्मात बसत नाही. त्यांनी मग वरचं काहीतरी मागायला सुरुवात केली आणि मीही हुशारीनं त्यात उतरलो. आम्ही रबरी भोंगा मागितला. सोहोनी नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत, नुसते आमच्याकडे बघत राहिले. आम्ही अजून जोर केला. मी उठून दारापर्यंत गेलो, परत आलो. शेवटी ते म्हणाले, बरं, घ्या भोंगा. आम्ही जिंकल्यासारखे बाहेर आलो आणि पाहतो तर भोंगा मोटारीला आधीपासून लावलेलाच होता. (किसनरावांना हे अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. त्यांनी सगळ्या बैलबाजारात भोंग्याची गोष्ट केली आहे.)

निघताना आणखी एक अडचण. विकणारा आपलं दावं कधी देत नाही, त्याच्या गोठ्याची बरकत जाते. घेणाऱ्यानं आपलं नवं दावं आणायचं. किसनरावांनी ते आणलं होतं. ते त्यांनी मोटारीच्या पुढच्या हँडलला बांधलं आणि सोहोनींना म्हणाले, "आता तुमचं सोडून घ्या." सोहोनी बिचारे गाडीभोवती दोनदा फिरले, सोडण्यासारखं काय आहे ते शोधत. शेवटी कंपनीचा एक पुठ्ठा सुतळीनं टांगलेला होता, तो त्यांनी सोडून खिशात घातला. किसनराव खूश झाले. सोहोनीही खूश झाले असावेत, कारण त्यांनी लगेच दार लावून घेतलं.

अशी ती मोटार, गळ्यात दावं बांधून, वलगावच्या वेशीत आली. शिकवायला म्हणून कंपनीनं दिलेला ड्रायव्हर चालवत होता (बोलणं कमी, जेवण भरपूर), मी मागे बसलो होतो, सारा गाव दोन्ही बाजूंनी उभा. मला वाटत होतं, आता घरी जायचं, जेवायचं आणि उद्या सकाळी अकोल्याला निघायचं. फाटकापाशी पार्बताआत्या काठी आडवी धरून उभी. "कोनं पानी घातलं हिच्या पायावर?" तिनं विचारलं. मी म्हणालो, अजून कोणी नाही. "मंग थे आत नाई येत," आत्या म्हणाली, "आन् पानी घातल्याबिगर तिले गावालेही नाई न्यायचं. घरची लक्ष्मी कोठी हाये?" आता बघा माझा पेच, भाऊसाहेब. घरची लक्ष्मी तुमच्याकडे. ती मोटारीशिवाय येत नाही, आणि मोटार तिच्याशिवाय हलत नाही. मी आत्याला म्हणालो, तूच घाल पाणी. तर ती म्हणाली, माह्या कपाळाले कुंकू नाई, मी कशी घालू, आणि काठी माझ्यावरच उगारली. शेजारच्या गंगूबाई भल्या मनानं गडवा घेऊन आल्या, त्यांनाही परत पाठवलं. दुसऱ्या घरच्या सवाष्णीनं घातलं तर बरकत त्यांच्या घरी जाते म्हणे.

तेव्हा सध्या मोटार गावाबाहेरच्या निंबाखाली उभी आहे. अंगावर पानं पडतात, ती मी रोज झाडतो. मागच्या गादीवर कोणाची तरी कोंबडी अंडी घालते. एका म्हातारीनं तिला हळद-कुंकू वाहून नारळ फोडला, तो ड्रायव्हरनं खाल्ला. मास्तर शाळा घेऊन आले आणि मुलांना मोटार दाखवून त्यावर निबंध लिहायला सांगितला. दुपारी जेवण झालं, की मी जाऊन तिच्यात बसतो. येणारे-जाणारे रामराम करतात आणि विचारतात, शेषराव, कोठी चालले? मी म्हणतो, अकोल्याले. दुसऱ्या दिवशीही तिथंच असतो. गावात आता म्हणतात, की शेषराव मोटारीत बसून राहिले, पण मोटार कोठी जाऊन नाई राहिली.

तर भाऊसाहेब, अशी वस्तुस्थिती आहे. मोटार घेतली, दिलेला शब्द पाळला, चाल मोडता येत नाही एवढाच काय तो दोष. यात माझा अपराध कुठे आहे ते तुम्हीच सांगा. वहिनीसाहेबांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. संत्री मृगाची आहेत, पिकली की पेटी पाठवतो.

आपला,
शेषराव

ता. क. वर लिहिलं त्यात एक गोष्ट राहिली. आत्या चार दिवसांतच नरमली होती. मला म्हणाली, "अरे, तिच्याच हातचं पानी पायजे ना? मंग मोटार तिच्यापाशी घेऊन जा ना. तामन सोबत ने. चाल मानसासाठी असते, मानूस चालीसाठी नाई." इतकी सोपी गोष्ट. त्यावर मी म्हणालो, विचार करतो. (आत्यानं काठी खरंच मारली. पाठीवर.) तेव्हा मोटार अडली आहे ती आत्यामुळे नाही, माझ्यामुळे. मला भीती वाटते. मोटार घेऊन तुमच्या दारात आलो, भोंगा वाजवला, सारी आळी बाहेर आली, आणि ती म्हणाली, नाई येत. उशीर केला तुमी. तर मी काय करू? मोटार नव्हती तोवर निदान मोटार नाही म्हणून ती येत नाही असं म्हणता येत होतं. म्हणून विनंती एवढीच: मी आलो तर ती बसेल काय, हे तिला कळू न देता तिच्याकडून काढून घ्या आणि उलट टपाली कळवा. मी अजून कोणाच्या दारी कशाची भीक मागितली नाही, ही मागतो.

ता. क. दुसरा. ड्रायव्हर परत गेला. जाण्याआधी मी त्याच्याकडून शिकलो. पुढे नेता येते, डावीकडे वळवता येते, उजवीकडेही बरीचशी वळते. मागे घेता येत नाही. पंगतीत बोललो ते मागे घेता आलं नाही, तसंच हेही. तेव्हा तुमच्या आळीच्या दुसऱ्या टोकानं बाहेर पडता येतं काय ते पाहून ठेवा. नसेल तर मी मोठ्या रस्त्यावर उभा राहतो, तिला तेवढं चालत यावं लागेल.

ता. क. तिसरा. हे पत्र तिला वाचून दाखवू नका, ही हात जोडून विनंती. तुम्ही ते ओसरीत मोठ्यानं वाचणार, आणि ती माजघराच्या दारामागं उभी असणार, हे मला ठाऊक आहे. तिला लहानपणापासून तीच सवय, तुम्हीच सांगितलं होतं. तर ऐक. दसऱ्याचं ते तामण मी चिंचेनं घासून ठेवलं आहे. मीच घासलं, आत्यानं नाही. ते आता मोटारीत पुढच्या गादीवर आहे. फाटकासमोरच्या रांगोळ्या मी झाडू दिल्या नव्हत्या, पण आता पुसट झाल्या आहेत, त्या मला काढता येत नाहीत. मी मंगळवारी येतो. विचार करून नाई राहिलो, येतो. गडवा भरून ठेवजो.